फसवा खड्डा

सूरच्या इस्पितळात मी रक्त काढते.
कुणाची साखर किती, कुणाला दिवस गेलेत,
कुणाच्या घरी अजून कळलेलं नाही,
सगळं माझ्या हाताखालून जातं
आणि नळीच्या बुचाखाली राहतं.
चार वर्षांत एक नाव ओठांबाहेर गेलेलं नाही.

म्हणून हसू येतं,
रात्री साडेअकराला फोन विचारतो :
तुमचे संपर्क बघू?
तुम्ही कुठे असता ते कळू दे?
मायक्रोफोन?
इतक्या अदबीनं, जणू स्थळ घेऊन आलेला मध्यस्थ.
'परवानगी द्या' ठळक निळं.
'आत्ता नको' फिकट.
'कधीच नको' असं बटण नाही.

मारिसेल म्हणते, तुझं काय उरलंय लपवायला?
विमानतळावर दहा बोटं दिलीस, कार्डावर तोंड दिलंस,
पासपोर्ट तर एजंटनं तुझ्याआधी वाचला.
खरं आहे तिचं.
पण ते कुणी मला शोधत नाहीत.
शोधणारा एकच, मंडणगडात.
त्याला वाटतं मी पुण्यात कुठेतरी असेन.
माझं मनगट थंडीत दुखतं.
इथे थंडी नाही, म्हणून हे गाव बरं.

आणि त्याच्याच घरात आर्जव आहे.
नऊ वर्षांचा.
आत्या रोज त्याचे फोटो टाकते म्हणे.
खातं असेल तरच दिसतात.

जूनमध्ये आम्ही रास अल-जिन्झला गेलो, कासवं बघायला.
सुलैमनं आधी फोन बंद करायला लावले.
उजेड दिसला की पिल्लं त्यालाच समुद्र समजतात,
म्हणाला, आणि रस्त्याकडे चालू लागतात.
आमच्या वेळासलाही येतात कासवं,
मी सांगायला लागले, तेवढ्यात ती आली.
आधी नुसता श्वास, दमेकऱ्यासारखा.
अंडी घातली. पुरली.
तेवढ्यावर थांबली नाही,
जरा पुढे सरकून दुसरा खड्डा खणत बसली,
तासभर, वल्ह्यासारखे पाय मारत,
वाळू आमच्या तोंडावर.
त्या खड्ड्यात काहीच नव्हतं.
कोल्ह्यांसाठी, सुलैम म्हणाला.

परवा मी खातं उघडलं.
नाव कुणाचंच नसलेलं.
गाव परभणी, जिथे मी कधी गेले नाही.
चेहऱ्याच्या जागी चहाचा कप.
संपर्कांना आत्ता नको, ठिकाणाला आत्ता नको.
आणि बघितलं त्याला.
शाळेच्या पायरीवर, हातात प्रशस्तिपत्र, उलटं धरलेलं.
पुढचे दोन दात नवे, तोंडाला मोठे.
शर्टाचं दुसरं बटण काळ्या दोऱ्यानं शिवलेलं.
पांढरा दोरा खालच्या कप्प्यात आहे,
निळ्या झाकणाच्या डब्यात.
कुणी सांगितलं नसेल त्यांना.
दोन बोटांनी मी ते बटण मोठं केलं, आणखी मोठं,
शेवटी नुसते चौकोन उरले.

मग खालून एक पट्टी सरकली :
'तुम्ही कदाचित यांना ओळखत असाल.'
मिशी पिकलीय त्याची. हसतोय.

फोन पालथा घातला.
एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं.
मी तर काही दिलं नव्हतं. मग कुणी सांगितलं?
बटणावर थांबलेल्या बोटानं?
आणि मी त्याला दाखवली गेले असेन,
तर कोण म्हणून?
चहाचा कप म्हणून.
तेव्हा आठवलं, कप घरून आणलेला.
कान तुटलेला.
कसा तुटला ते दोघांनाच माहीत.

सकाळी एका बाईनं बाही वर केली,
विचारलं, हे कुठे कुठे जाईल?
डॉक्टरकडे, मी म्हटलं, आणखी कुठे नाही,
आणि बूच एकदा जास्तच दाबलं.

खातं ठेवलं की मिटवलं,
मारिसेल दोनदा विचारून गेली.
तिला सांगितलं नाही.
तुम्हालाही नाही.