चल

ग्रिम्सबी. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
सातला माशांचा लिलाव
आणि लिलावाचं पान उघडत नाही.
सापडलं नाही, एवढंच म्हणतं,
काय ते सांगत नाही,
घुम्या पोरासारखं.

मग मी तीन ओळींचं एक पान लिहिलं,
सर्व्हरलाच विचारायला:
बाबा रे, उभा कुठे आहेस,
कुणाच्या नावाने, कुठली भाषा बोलतोस?

एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

होम: स्लॅश होम स्लॅश क्लाइव्ह.
क्लाइव्ह मार्चमध्ये निवृत्त झाला.
जाताना माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला,
त्यातल्या दोन कशाच्या, त्यालाही आठवेना.
सर्व्हर अजून त्याच्याच घरी राहतो.

भाषा: सी.
म्हणजे कुठलीच नाही.

पाथ: सात फोल्डर,
दोहोंच्या मध्ये विसर्ग.
आज्ञा झाली की पहिलं दार ठोठावायचं,
तिथे नाही तर दुसरं,
जिथे आधी सापडेल तेच खरं.
चौथं दार जुन्या मशीनवर होतं.
गेल्या आठवड्यात आम्ही नव्यावर आलो,
इथे त्या जागी भिंत.
हा आपला रोज
नसलेल्या दाराची वाट पाहतो आहे.

शाळेत काटदरे बाई फळ्यावर क्ष काढायच्या
आणि म्हणायच्या, याला म्हणायचं चल.
मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा:
कुठे, बाई?

यादीच्या तळाशी पासवर्ड.
झाकलेला नाही, काही नाही.
मॉरीन, आणि पुढे एक साल.
शेजारच्या दोरीवर कुणाचे आतले कपडे दिसावेत
तशी मी नजर वळवली.
पण वाचून झालं होतं.
मी वाचलं, म्हणजे कुणीही वाचलं असतं.

आधी ते पान पुसलं.
मग पासवर्ड बदलला, नवा असा
की त्यात कुणाचंच लग्न नाही.
चौथं दार नव्या जागी बसवलं.
पान उघडलं:
हॅडॉक, चाळीस पेट्या. कॉड, अकरा.
खिडकीबाहेर सीगल आधीच भांडायला लागले होते.

होम तेवढं तसंच ठेवलं.
असू दे, त्या दोन किल्ल्यांसारखं.

सव्वातीन. लॅपटॉप मिटला.
चल, म्हटलं स्वतःला.
कुठे, असं कुणी विचारलं नाही.