मिनिटाला अठरा

मुजावरांनी फोनवर आधी भाव नाही सांगितला.
म्हणाले, पाचशे नग पाठवा,
धुऊन-पुसून नको,
लाइनवर येतात तसेच, तेलासकट.
आणि वाईट नग वेगळ्या पिशवीत.

आमचा नग म्हणजे पितळी बुश,
करंगळीच्या नखाएवढा,
एका तोंडाला चॅम्फर, दुसऱ्याला नाही.
भोसरीतल्या आमच्या गाळ्यातल्या उजेडात
दोन्ही तोंडं सारखीच.

टेबलावर तीन कॅटलॉग:
थरथरणारा बाऊल, पायऱ्यांचा फीडर, गरगर फिरणारा.
पायऱ्यांचा शांत, पण महाग.
फिरणारा चपळ, पितळेवर ओरखडे काढणार.
उरला बाऊल. पण मुजावरांचे प्रश्न होते:
मिनिटाला किती? एकमेकांत अडकतात का?
वाईट नग वाईट म्हणजे कसा?

ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं.
ड्रॉइंगवर तेल काढलेलं नसतं.

म्हणून शेवंता कुदळेंच्या स्टुलाशेजारी
क्रेट पालथा घालून बसलो.
एकोणीस वर्षं त्या प्रेसला बुश भरवतात,
न बघता.
चिमटीत आला की तर्जनी सांगते तोंड कुठलं.

म्हणाल्या, बावीस होतात. जेवणानंतर अठरा.
अठराच लिहा.
अडकत नाहीत, पण थंडीत पहिल्या पाळीला
तेल घट्ट होतं, मग जोडीजोडीनं चिकटून येतात.
तळेगावच्या मालाला बर असते,
ती डोळ्याला दिसत नाही.
बोट पुढं केलं. बारीक पांढऱ्या रेघा.
मी लिहिलं: बर, तपासणे.

अजून काही?
'मशीन आल्यावर मी कुठं बसू?'
हा प्रश्न मुजावरांच्या यादीत नव्हता.
तपासणीला, मी म्हणालो,
जरा जास्तच पटकन.

दिवाळीनंतर बाऊल आला.
कॉइल गुणगुणली,
बुश कडेकडेनं चढणीला लागले
कात्रजच्या घाटात ट्रक लागतात तसे.
सरळ ते पुढं.
उलटा आलेला खाचेपाशी तोल जाऊन
परत तळाला, परत वर, परत तळाला.

शेवंताबाई हात पदरात गुंडाळून बघत होत्या.
'टाकून देत नाही होय,' म्हणाल्या.
'माघारी धाडतंय नुसतं.'

मग एक चिकटलेली जोडी वर येताना दिसली
आणि त्यांचा हात सुटला,
झाकणाच्या काचेवर आपटला.

हात चोळत थोडा वेळ ऐकत राहिल्या.
'अठरा लिहिलं होतं ना?
हे बावीसनं चाललंय.'

मी मोबाइलवर वेळ लावून मोजलं.
बावीस.