वीस सेकंद

पाणी आज रात्री दोनला. पाचव्या दिवशीचं.
अकरा वाजून गेले, सोलापूर अजून तापलेलंच.
जागायचंच आहे तर म्हटलं
कर्नल बदलून टाकू.

साखर पेठेतली ही वरची खोली,
खाली चिलक्यांचे टॉवेलचे माग,
त्यांच्या ठोक्यानं टेबलावरचा तांब्या हलतो.
नान्नांच्या नक्षीची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली आधी,
मग पडद्यावर पांढऱ्या ओळी
उतरत गेल्या, कुणी न वाचता.

थांबल्या. बूटमध्ये जागा नाही.
चार जुने कर्नल अंग चोरून बसले होते तिथं.
तीन काढले. चौथ्यावर हात अडला:
नान्नांचा प्रिंटर ह्याच्यावरच चालतो,
नंतरच्या कुठल्यावरही नुसता घरघरतो, कागद गिळतो,
आणि चादरीची नक्षी चौकट चौकट छापून
भिंतीला लावल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही,
माग विकून सात वर्षं झाली तरी.
ठेवला.

बूटलोडर बसवला. झालं म्हणाला, चूक काही नाही.
पेनड्राइव्ह उपसला, यंत्र पुन्हा लावलं.
काळं.
डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकणारी,
एवढंच.

"वनजा, नळ आला, काय करालीस वर?"
पिंप, घागरी, कूलरची टाकी, परत पिंप,
डोक्यात तीच रेघ.
सातव्या कळशीला जिन्यात कळलं:
मी बूटलोडर पेनड्राइव्हवर चढवला होता.
डिस्क जागच्या जागी, सगळं पोटात घेऊन,
फक्त सुरुवात कुठून करायची
ते माझ्या खिशात.

एकटीच हसले. पाणी सांडलं.
अम्मानं खालून शिवी दिली, तेलुगूत,
म्हणजे मनापासून.

पहाटे यादी आली. वर नवा, खाली जुना,
आणि उलटी मोजणी: पाच, चार.
नान्ना मागे उभे, कधी आले कळलं नाही.
"माझा कुठला?"
खालचा. बाण दाबायचा, मग एंटर.
ते चष्मा शोधू लागले, टेबलावर, कपाळावर, बंडीच्या खिशात.
सापडेपर्यंत नवा सुरू होऊन गेला होता.

फाइल उघडली. पाचच्या जागी वीस लिहिलं,
बूटलोडरला पुन्हा वाचायला लावलं,
ह्या वेळी डिस्क दोनदा बघून.

परत यादी. वीस. एकोणीस.
खाली पाळी बदलली, माग क्षणभर गप्प.
अकराला त्यांनी बाण दाबला,
आठला परत वर गेले,
म्हणाले, "नव्यावर बघू का एकदा?
कागद पाठकोराच घालतो."