प्रकाशक : स्वतः

सेलूला स्टेशन रोडवर मुजीबभाईंचा छापखाना.
लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशक्रियेची कार्डं
आणि त्या वर्षी लग्नसराई ओसरल्यावर
माझ्या कविता.

प्रुफं बघता बघता त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
"कागद के पैसे तो पूरे लगते,
फिर लाइन आधी कायकू छोडते तुम?"
तेव्हा उत्तर सुचलं नाही.
अजून नीटसं सुचत नाही.

आतल्या पानावर 'प्रकाशक' आणि दोन टिंबं,
पुढं कोरी जागा.
कॉम्प्युटरवरचं पोरगं म्हणलं,
"टाका की काका काही बी,
पत्रिकेत 'आपले विनीत' राहतंय तसं."
टाकलं : स्वतः.

परभणीच्या संमेलनात विक्रीच्या टेबलाशी
एका जाकीटवाल्यानं विचारलं, "कुणी काढलं?"
"मीच."
"लिहिलं तुम्ही हो, काढलं कुणी?"
"मीच."
"अच्छा," म्हणून त्यांनी पुस्तक असं धरलं
की दुसऱ्याचं लेकरू कडेवर घ्यावं
आणि ते ओलं निघावं.

दुपारी अध्यक्ष बोलले,
हल्ली कोणीही उठतो, पुस्तक काढतो.
मांडव टाळ्यांनी भरला.
मीही वाजवल्या. सवय.
बाहेर भात, वरण, एक बालुशाही.
तिथं मात्र कुणी विचारलं नाही
हे पान कुणी वाढलं.

आता दिवाणाखाली तीनशे बारा प्रती.
बायको झाडू मारताना त्यांना 'तुमची मंडळी' म्हणते.

परवा वाचनालयात गेलो.
विचारायचं नव्हतं, विचारलं.
कांचनताईंनी जाडजूड रजिस्टर उघडलं,
बोट खाली खाली नेलं.
"एकदा गेलंय. द्रौपदा खिल्लारे, नर्सिंगची पोरगी.
परत आलं नाही.
हरवलं म्हणली, दंड भरून गेली."
मग आवाज उतरवून,
"हरवल्यासारखं तोंड नव्हतं बरं का तिचं."

पावतीची स्थळप्रत दाखवली त्यांनी.
नव्वद रुपये फक्त.
'फक्त'च्या पुढं रेघ मारलेली, पार कडेपर्यंत,
कुणी मधे काही घुसडू नये म्हणून.
आणि तळाला, मुंगीएवढ्या टायपात,
मुजीबभाईंच्या छापखान्याचं नाव.

पिशवीत दुसरी प्रत होती.
ती काढायला माझा हात
जरा उशिरानंच गेला.