जुनं लाकूड

पाचगणीच्या थंडीत हौसेनं
मी हायड्रेंजियाला कात्री लावली.
सगळ्या फांद्या एका उंचीच्या,
शाळेच्या रांगेसारख्या.

वर्षभर नुसती पानं.
पंजाएवढी, खोल कातरलेली.

तान्हाबाई गोळे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातलं
उरलेलं काड घेऊन आल्या,
बुडाशी पसरत म्हणाल्या,
"गेल्या सालच्या लाकडावर फुलतंय ह्ये.
तुमी फूलच कापलं की, दिसायच्या आदी."

मग पाणी तुंबू नये म्हणून
तांबड्या मातीत दोघींनी चर काढला.

यंदा कात्री खिळ्यालाच.
खोडाची साल सुटतेय, सुटू दे.
पांढरा तुरा गुलाबी झाला, वाळला,
वाऱ्यात कागदासारखा वाजतो.

तोही ठेवलाय.
"ह्यो कशाला अजून?" बाई विचारतात.
मला सांगता येत नाही.