खबर देणार

शलाकाच्या अ‍ॅडमिशनला सदुसष्टच्या आधीचा
एक कागद हवा होता. एकच.
आजोबांचा शाळेचा दाखला सापडला,
त्यावर शाई फुटून पसरलेला 'भंडारी',
त्याच्यावर शिक्का, शिक्क्यावर कुणाची तरी सही.
काम झालं. फाईल बंद.

मी रजा टाकून पुन्हा गेलो.
दफ्तरखान्यातल्या जामसंडेकरबाई म्हणाल्या,
"आता कशाला? मिळालं ना सर्टिफिकेट?"
मिळालं, म्हटलं.
त्यांनी पानं उडू नयेत म्हणून पंखा बंद केला
आणि लाल रुमालाची गाठ सोडली.

आजोबांच्या वर त्यांचे वडील, धाकू.
धाकूच्या वर सुकऱ्या.
सुकऱ्यासाठी मोडी वाचणारे पांगम गाठावे लागले,
पानामागे साठ रुपये, चहा वेगळा.
सुकऱ्या माणसांच्या वहीत नव्हताच,
माडांच्या वहीत होता:
*सुकऱ्या बिन गोमा, वस्ती माहीम,
माड चौदा, पैकी वांझ दोन.*
सरकारनं झाडं मोजली होती,
एकेका खोडावर नंबर घातला होता,
कर झाडावर, माणूस त्याच्या बुडाशी.

"बिन म्हणजे मुलगा," पांगम म्हणाले.
मी इतकी वर्षं 'बिन' म्हणजे 'शिवाय' समजत आलो,
बिनपाण्याची, बिनभाड्याची, बिनकामाचा.
घरी सांगितलं तर शलाका म्हणते,
"मग आपली जात नक्की कुठली, बाबा? झाड?"

त्या जागेवर आता पार्किंगचे पिवळे पट्टे आहेत.
मी मोजले. बावीस.
वॉचमननं विचारलं, कोणती गाडी तुमची?

मरणाच्या वहीत सुकऱ्या एका ओळीत आटपला.
*वय अडतीस. धंदा माडी काढणे. कारण माडावरून.*
'पडून' लिहायला कारकुनाला जागा पुरली नसेल,
किंवा माहीमला ते लिहावं लागत नसेल.
*मागे: बायको, मुलगा एक.*
बायको. पुढे नाव नाही.
चार वह्या उलटल्या, सगळीकडे ती
*बायको सुकऱ्याची*,
चौदा माडांसारखाच एक पंधरावा ऐवज.

मग धाकूच्या जन्माचं पान.
बापाचं नाव, आईच्या रकान्यात तेच ते,
आणि अगदी कडेला, जिथे शिवण येते तिथे,
एक रकाना, *खबर देणार*.
पांगमांनी चष्मा कपाळावर घेतला,
पान डोळ्यांपाशी नेलं.
"*स्वतः*," ते म्हणाले. "थांबा.
*दुर्पत. सुईण. अंगठा.*"

बाळंत होऊन किती दिवसांनी चालत आली असेल,
पोर काखेला, की शेजारणीकडे ठेवून?
वहीत ते नाही.

त्यानंतर आम्ही वरचे रकाने वाचलेच नाहीत.
फक्त कड बघत गेलो.
कोळ्याची मुलगी, खबर देणार दुर्पत.
पावलू नावाच्या सुताराचा मुलगा, दुर्पत.
दर्ग्याच्या गल्लीत जुळी, एक मेलेलं, दुर्पत.
तोच अंगठा, मधोमध आडवी चीर,
कोयत्याची असेल, विळीची असेल.
त्रेसष्टनंतर मोजायचं राहून गेलं.
स्वतःच्या घराण्यात तिला ओळ मिळाली नव्हती
आणि अख्ख्या माहीमच्या घराण्यांत
ती समासात उभी होती.
पांगमांनी त्या दिवशी पैसे घेतले,
चहाचे मात्र घेतले नाहीत.

पावणेपाचला शिपायानं किल्ल्या वाजवल्या.
जामसंडेकरबाई उठल्या, परत बसल्या.
"आमचे आजेसासरे माहीमचेच," त्या म्हणाल्या,
"श्रावणातला जन्म. बघता का जरा?"
बघितलं. पान होतं.
बापाचं नाव होतं, आईच्या रकान्यात बायको,
आणि कडेला कसर लागलेली,
अंगठ्याची नुसती खालची कोर उरलेली.
चीर असली तर वर, खाल्लेल्या भागात.
"तिचाच असेल," बाई म्हणाल्या.
असेल, म्हटलं.

त्यांनी वह्या रचल्या, रुमाल ओढून घेतला,
पहिला वेढा दिला आणि माझ्याकडे पाहिलं.
दुसरी गाठ बसेपर्यंत
मी पहिलीवर अंगठा दाबून धरला.