लंगरचा काटा

पहाटे तीनला लोह तापते.
मी परातीत पीठ घेते, वीस किलो, मोजून.
धुकं एवढं की निशाण साहिबचा खांब
अर्ध्यातच संपतो.
भिंतीपलीकडे, ताडपत्रीखाली, अजैब सिंग झोपलाय,
किंवा झोपलेला नाही.
मध्ये भिंत आहे खरी,
पण रोटीच्या वासाला भिंत कुठे कळते?

पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, चूल मागे हलवूया.
तो हसला.
"माझ्यापायी लंगर हलवणार? वेडी का खुळी तू?
माझं भांडण पोटाशी नाही, बचिंत कौर."

तो आमचा कोणी नाही.
ना गावचा, ना गोताचा.
रोडवेजची बस चालवायचा, अबोहर ते पठाणकोट,
एकतीस वर्षं.
निवृत्त झाल्यावर कुठल्याशा वर्तमानपत्रात त्यानं यादी वाचली:
शिक्षा भोगून झाली, तरी आतच असलेले.
सातव्या ओळीत माझा भाऊ.

हरनेक आत गेला तेव्हा
त्याची दाढी नुकती भरत होती.
आता मुलाखतीच्या काचेमागे
मला आमचे वडील बसलेले दिसतात.
त्यानं काय केलं ते मला ठाऊक आहे.
मी ते धुऊन काढत नाही.
त्या दुसऱ्या घरातही एक बहीण असेल;
अरदाशीत मी तिच्यासाठी थांबते, क्षणभर,
नाव माहीत नसल्यामुळे नुसतीच थांबते.
पण कोर्टानं वर्षं मोजून दिली, त्यानं मोजून भोगली,
आणि हिशेब मिटला त्यालाही
यंदाच्या लोहडीला नऊ वर्षं होतील.

अकराला डॉक्टर गर्ग येतात.
गावात दुसरा काटा नाही,
म्हणून ज्यावर मी पीठ तोलते
त्याच काट्यावर दोघे जण त्याला धरून उभं करतात.
एकाहत्तर. पासष्ट.
आज अठ्ठावन्नच्याही खाली.
तो पायाला लागलेलं पीठ
चादरीवर सांडू नये म्हणून
आधी झटकतो, मग झोपतो.

संध्याकाळी मला विचारतो,
"हरनेकला लहानपणी काय आवडायचं?"
मी सांगते: मक्याची रोटी, तीवर गूळ,
गूळ वितळायच्या आत खायची घाई,
बोटं भाजून घ्यायचा.
डोळे मिटून ऐकतो.
"बोटं कुठली? डाव्या हाताची?"
हो, डावखुरा होता.
"मग परत सांग. पहिल्यापासून."

मुलाखतीत भाऊ म्हणाला,
"कोण आहे हा माणूस? त्याला म्हणावं, जेव.
माझ्यापायी कुणाचा जीव नको. आता पुरे."
शेवटच्या दोन शब्दांना तो काचेकडे बघत नव्हता.
मी निरोप आणला, शब्दाला शब्द.

अजैब सिंग बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
"शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले
की कंडक्टर पैसे मोजत बसायचा.
मी बॅटरी घेऊन मागच्या बाकापर्यंत जायचो.
कधी कुणी झोपलेलं सापडायचं,
पाय पोटाशी घेऊन.
त्याची ओळख विचारून उठवतात का?
आगाराला कुलूप लागायच्या आत उठवतात, इतकंच."

पस्तिसाव्या रात्री गाड्या आल्या.
दिवे विझवून आल्या.
चादरीसकट उचलला त्याला.
फार जड नव्हता;
चौघं होते, पण दोघांनीच नेला.
नळी नाकातून घालतात म्हणे.
मंडपात उरली उशी, पाण्याचा लोटा,
आणि काट्यापर्यंत गेलेली
पांढुरकी पावलं.

तीनला मी लोह पेटवली.
दुसरं काय करणार?
उजाडायच्या सुमारास एक पोरगा दाराशी उभा राहिला.
गेला महिनाभर बंदोबस्ताला असलेला शिपाई,
रोज पंगतीच्या टोकाला बसून
मान खाली घालून चार रोट्या खाणारा.
म्हणाला, "बाबांची जुती राहिली.
तिथली फरशी फार गार आहे."

जुती दिली.
फडक्यात दोन रोट्या बांधून दिल्या,
आत गुळाचा खडा.
कुणासाठी, त्यानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.